भिंत मालकाची, थंडी भाडेकरूची

घराचे भाडे म्हणजे नेमके कशाचे भाडे? चार भिंतींचे आणि छपराचे, की त्या चार भिंतींच्या आत माणसाला माणूस म्हणून राहता येईल अशा परिस्थितीचे? कायद्याच्या वर्गात हा प्रश्न विद्यार्थ्यांना जांभई आणतो. पण ज्या देशांत हिवाळ्यात रस्त्यावरच्या पाण्याचा दगड होतो, तेथे हाच प्रश्न जगण्यामरण्याचा होऊन बसतो. घर गरम ठेवण्याचा खर्च कोणी करायचा, मालकाने की भाडेकरूने, यावरून तेथे शंभर वर्षे भांडणे झाली, संप झाले, कायदे झाले, आणि माणसेही मेली.

आमचे काही शहाणे मित्र विचारतील, बर्फाच्या देशातल्या बॉयलरशी आपला काय संबंध? संबंध आहे. आज आपल्या वस्त्यांतली मुले-मुली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती घेऊन किंवा स्वतःच्या हिमतीवर कर्ज काढून परदेशी शिकायला जात आहेत. तेथे ती कोणाची तरी भाडेकरू असतात. आणि दुसरे असे की, मालक आणि भाडेकरू यांच्यातले नाते उघडे पाडणारे याइतके स्वच्छ उदाहरण आम्हांला तरी दुसरे सापडलेले नाही.

प्रथम न्यूयॉर्क घ्या. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, ते हे शहर. ते तेथून गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे १९१७-१८ साली, महायुद्धामुळे कोळशाची भीषण टंचाई झाली. तेथील अनेक इमारतींत तळघरात एक बॉयलर असतो, त्याची वाफ नळ्यांतून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत जाते, आणि तिचा खर्च भाड्यातच धरलेला असतो. त्या हिवाळ्यात रेडिएटर थंडगार पडले, पण भाडे मात्र पुरेपूर मागितले गेले. भाडेकरूंनी साधा हिशेब मांडला : ऊब भाड्यात धरली आहे, ऊब मिळत नाही, तर भाडेही पूर्ण मिळणार नाही. त्यानंतरची दोन-तीन वर्षे हार्लेम, ब्रुकलिन, ब्राँक्स या भागांत भाडेसंप होत राहिले. यात गरीब ज्यू कामगारांच्या बायका आघाडीवर होत्या. १९२० साली राज्य सरकारला भाडेनियंत्रणाचे कायदे करणे भाग पडले. घरमालक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२१ साली तेथे हरले.

आता मालकाच्या बाजूने विचार करा. भाडे ठरलेले आहे आणि कोळसा, तेल किंवा गॅस त्याने आणायचा आहे. मग त्याचा नफा कशात? कमी जाळण्यात! पहाटे बॉयलर तासभर उशिरा पेटवा, रात्री तासभर आधी विझवा. वाचला तो पैसा खिशात. भाडेकरू काळा असेल, परदेशातून आलेला असेल, इंग्रजी अडखळत बोलणारा असेल, तर बॉयलर ‘बिघडतो’ आणि दुरुस्ती करणारा माणूस आठवडाभर सापडत नाही. खर्च मालकाकडे गेला म्हणजे भाडेकरू सुटला असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट नीट समजून घ्यावी. जो पैसे देतो तो काटकसर करतो. पण थंडीने कुडकुडतो तो दुसराच.

म्हणून तेथे नुसते ‘ऊब द्या’ असे म्हणून भागले नाही, आकडा लिहावा लागला. न्यूयॉर्क शहराचा आजचा नियम असा आहे : १ ऑक्टोबर ते ३१ मे हा ‘उबेचा हंगाम’. सकाळी ६ ते रात्री १० या वेळेत बाहेरचे तापमान ५५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे १३ अंश सेल्सिअसच्या) खाली गेले, तर घरात किमान ६८ अंश (२० सेल्सिअस) असलेच पाहिजे. रात्री १० ते सकाळी ६ बाहेर काहीही असो, घरात किमान ६२ अंश (सुमारे १७ सेल्सिअस). गरम पाणी मात्र वर्षभर. आकडा असला की भांडणाचे स्वरूपच बदलते. ‘मला थंडी वाजते’ असे म्हणणाऱ्या बाईला मालक वेड्यात काढू शकतो, तिच्या हातातल्या थर्मामीटरला काढू शकत नाही. तक्रार गेली की शहराचा निरीक्षक येतो, उल्लंघन ठरले की रोजाचा दंड सुरू होतो. मालक तरीही हलला नाही तर शहर स्वतः दुरुस्ती करून त्याच्या नावावर बिल टाकते, आणि ते बिल थकले तर मालमत्तेवर बोजा चढतो.

हे सारे कोणी दयाबुद्धीने दिलेले नाही. १९६३ च्या हिवाळ्यात हार्लेममध्ये जेसी ग्रे या कार्यकर्त्याने काळ्या भाडेकरूंचा भाडेसंप उभा केला. काही मोजक्या इमारतींपासून सुरू झालेला हा संप पुढच्या वर्षाच्या सुरुवातीस शेकडो इमारतींत पसरला. बॉयलर बंद, छप्पर गळके, आणि उंदीर इतके की रात्री लेकरांच्या उशाशी पहारा ठेवावा लागे. मालकांनी भाडे थकवल्याचे खटले भरले तेव्हा भाडेकरू मेलेले उंदीर घेऊन न्यायालयात गेले. आम्ही वकिलीच्या धंद्यात पुष्कळ पुरावे पाहिले, पण इतका बोलका पुरावा क्वचितच. न्यायाधीशाने भाडे मालकाऐवजी न्यायालयात भरण्याचा आदेश दिला. १९६५ साली कायद्यातच तशी तरतूद आली : पाच दिवस इमारतीत ऊब नसेल, तर एक तृतीयांश भाडेकरू मिळून न्यायालयात जाऊ शकतात, आणि न्यायालय प्रशासक नेमून भाडे त्याच्याकडे वळवते व त्यातून दुरुस्ती करून घेते. एक तृतीयांश! एकट्याने नाही. कायद्यानेच भाडेकरूंना सांगितले की आधी शेजाऱ्याचे दार ठोठवा. नऊ-दहा वर्षांनी आपल्याकडे दलित पँथरने ज्यांच्यावरून नाव घेतले, त्या काळ्या जनतेच्या लढ्याची ही घराच्या उंबऱ्यातली बाजू आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे जरा सविस्तर सांगितली.

१९७५ साली आणखी एक पाऊल पुढे पडले. घर राहण्यायोग्य ठेवण्याची मालकाची हमी प्रत्येक निवासी भाडेकरारात गृहीतच आहे, असे राज्याच्या कायद्यात लिहिले गेले. आणि भाडेकरूने करारात ती सोडून दिली असे मालकाने लिहून घेतले तरी ते लिखाण निरर्थक, असेही त्यात आले. ही ओळ लिहिणाऱ्यास लाचार माणसाची सही कशी घेतली जाते हे ठाऊक असले पाहिजे.

इतके होऊनही काय घडले पाहा. ९ जानेवारी २०२२, रविवार. ब्राँक्समधील ट्विन पार्क्स ही १९ मजली इमारत. एका घरात विजेवरचा सुटा हीटर कित्येक दिवस सतत चालू होता. तो बिघडला आणि आग लागली. आगीने नव्हे, तर धुराने घात केला, कारण आपोआप बंद व्हायला हवी होती ती दारे बंद झाली नाहीत आणि धूर जिन्याने वर चढला. १७ माणसे गेली, त्यांत ८ मुले. त्यांतील अनेक कुटुंबे गांबिया या पश्चिम आफ्रिकेतील छोट्या देशातून पोट भरायला आलेली. इमारतीत हीटिंग चालू होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. ते पुरत नव्हते, असे रहिवाशांनी सांगितले. दोन्ही खरे असू शकते. भाड्यात ज्या उबेचे पैसे एकदा भरले, तीच ऊब स्वस्तातला हीटर आणून गरीब माणूस दुसऱ्यांदा विकत घेतो, आणि या दुसऱ्या खरेदीची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते.

आता उलटी व्यवस्था पाहा. ती जर्मनीत आहे. तेथे निम्म्याहून अधिक कुटुंबे भाड्याने राहतात, आणि भाड्याला दोन नावे आहेत : ‘काल्टमिटे’ म्हणजे थंड भाडे आणि ‘वार्ममिटे’ म्हणजे गरम भाडे. थंड भाडे नुसत्या घराचे. त्यात घर तापवण्याचा व इतर सेवांचा खर्च मिळवला की गरम भाडे. भाडेकरू महिन्याला ठरावीक आगाऊ रक्कम भरतो आणि वर्षाअखेर हिशेब होतो. कमी वापरले तर परत मिळतात, जास्त वापरले तर वर भरावे लागतात. १९८१ च्या नियमांनुसार तापवण्याच्या खर्चाचा किमान ५० व कमाल ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर आणि उरलेला घराच्या क्षेत्रफळावर वाटला जातो.

वरवर पाहता हे अगदी न्याय्य वाटते. जो वापरील तो भरील! पण येथे कायद्याच्या विद्यार्थ्याने थांबून विचारले पाहिजे : किती वापरावे लागते, हे कोण ठरवतो? भिंत जुनी, वीटकाम उघडे, खिडकीच्या फटीतून वारा, बॉयलर तीस वर्षांचा. यांतली एकही गोष्ट भाडेकरूच्या हातात नाही. तो स्वेटर घालू शकतो, रेडिएटरची चावी फिरवू शकतो, एवढेच. भिंतीला उष्णतारोधक थर लावणे, खिडकी बदलणे, नवे यंत्र आणणे हे मालकाचे काम. पण मालकाने ते का करावे? गॅसचे बिल तर भाडेकरू भरतो! न्यूयॉर्कमध्ये मालक खर्च करतो म्हणून ऊब तोडतो. जर्मनीत भाडेकरू खर्च करतो म्हणून मालक भिंत तशीच ठेवतो. दोन्हीकडे हुकूम एकाचा आणि झळ दुसऱ्याला. खरा प्रश्न बिल कोणाच्या नावावर आहे हा नाहीच. बिल वाढवणारी किंवा घटवणारी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे, त्याला त्या बिलाचा चटका बसतो की नाही, हा आहे.

२०२१ साली जर्मनीत गॅस व तेलावर कार्बनचा आकार लागू झाला : टनाला २५ युरो. हेतू असा की प्रदूषण महाग झाले की लोक ते कमी करतील. पण लोक म्हणजे कोण? आकार गॅसच्या बिलात, बिल भाडेकरूच्या माथी. म्हणजे बॉयलर निवडला मालकाने आणि त्याच्या धुराचा दंड भरला भाडेकरूने. भाडेकरूंच्या संघटनांनी यावर झोड उठवली, आणि १ जानेवारी २०२३ पासून हा आकार वाटून घेण्याचा कायदा लागू झाला. त्याची रचना आम्हांला विशेष आवडली. इमारत दर चौरस मीटरला वर्षाला किती किलो कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यावर दहा पायऱ्या केल्या आहेत. १२ किलोच्या आत असेल, म्हणजे मालकाने घर उत्तम राखले असेल, तर सगळा आकार भाडेकरूचा. घर जसे वाईट तसा मालकाचा वाटा चढत जातो, आणि ५२ किलो किंवा त्याहून अधिक असेल तर ९५ टक्के मालकाने भरायचा, भाडेकरूने फक्त ५. मालकाने ही वाटणी हिशेबात दाखवलीच नाही, तर भाडेकरूला आपल्या तापवण्याच्या खर्चातून ३ टक्के कापून घेता येतात.

मात्र आम्ही या कायद्याच्या आरत्या ओवाळणार नाही. वाटला जातो तो फक्त कार्बनचा आकार, गॅसची किंमत नव्हे. २०२५ चा दर टनाला ५५ युरो. वर्षाला २०,००० युनिट गॅस जाळणाऱ्या घराचा कार्बन सुमारे ४ टन, म्हणजे साधारण २२० युरो. त्यातले ९५ टक्के मालकाने भरले तरी गॅसचे मूळ बिल त्याच्या कितीतरी पट, आणि ते सारे भाडेकरूचेच. शिवाय मालकाने शहाणपणाने भिंतीला थर लावला, तर त्या सुधारणेच्या खर्चाचे ८ टक्के दरवर्षी भाड्यात चढवण्याची मुभा त्याला आहे. सहा वर्षांत चौरस मीटरला महिना ३ युरो ही मर्यादा. खर्च वसूल झाल्यावर ही वाढ उतरते असेही नाही. म्हणजे थंडी घालवण्याचा मोबदलाही अखेर भाडेकरूकडूनच. तेव्हा तेथेही लढा संपलेला नाही, फक्त तो आकड्यांत चालतो.

आमच्या परिचयातील एक विद्यार्थी तेथे शिकतो. रशियाने २०२२ साली युक्रेनवर आक्रमण केल्यावर गॅसचे भाव भडकले आणि त्या हिवाळ्याचा हिशेब त्याच्या हाती पडला तेव्हा रक्कम पाहून त्याने घाबरून आम्हांला फोन केला, पैसे भरून टाकू का म्हणून. आम्ही त्याला म्हटले, बाळा, आधी तारीख बघ. कारण तेथील कायद्यानुसार हिशेबाचे वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत हिशेब हाती पडला नाही, तर मालकाचा वाढीव मागणीचा हक्क सामान्यतः बुडतो. आणि हिशेब मिळाल्यापासून १२ महिने भाडेकरूला हरकत घेता येते. मूळ पावत्या पाहण्याचा हक्क आहे, तो मागून घ्यावा. बॉयलरच्या दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर टाकता येत नाही, नेहमीच्या देखभालीचा टाकता येतो; पुष्कळ मालक दोन्ही एकाच ओळीत घुसडतात. वापर न मोजताच वाटणी केली असेल, तर १५ टक्के कापता येतात. आपल्या मुलांना परदेशी पाठवताना लोणचे-पापड जरूर द्या, पण एवढ्या चार गोष्टीही सांगून पाठवा. परक्या देशात, परक्या भाषेतले सरकारी वळणाचे पत्र आले की आपली मुले मुकाट पैसे भरतात. असे आज्ञाधारक भाडेकरू कोणत्या मालकाला आवडणार नाहीत?

आपल्याकडे बॉयलर नाही, पण पाणी आहे, वीज आहे, जिन्यातला दिवा आहे, संडासाची सफाई आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम २९ प्रमाणे, भाडेकरू उपभोगत असलेली अत्यावश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडण्यास किंवा रोखून धरण्यास मालकाला मनाई आहे. मालकाने बिल न भरल्यामुळे पालिकेने किंवा वीज कंपनीने पुरवठा तोडला, तरी ते मालकानेच तोडल्यासारखे आहे, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. कलम चांगले आहे. पण न्यायालयाचा आदेश मोडून मालकाने पाणी सुरू केले नाही, तर दंड किती? दिवसाला जास्तीत जास्त १०० रुपये. मुंबईत टँकरच्या पाण्याचे दोन-चार हंडेही कदाचित यापेक्षा महाग पडतील. पाणी तोडून जुना भाडेकरू निघाला तर मालकाला जी जागा मिळते, तिच्यापुढे हे १०० रुपये म्हणजे पानसुपारी!

आणि हे संरक्षणही कोणाला? ‘भाडेकरूला’. आज शहरांत अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’चा करार करून राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाहीच, तो परवानाधारक. मुदत संपली की मालकाला कलम २४ चा सरळ रस्ता मोकळा, आणि कलम २९ चे दार त्याला सहज उघडत नाही. पोटमीटरवर मालक ठरवील त्या दराने तो विजेचे युनिट विकत घेतो, कारण मुख्य मीटर मालकाच्या नावावर. झोपडपट्टीत पोटभाडेकरूकडे तर करारही नाही, पावतीही नाही. जर्मन मालकाला पावत्या दाखवाव्या लागतात. आपल्याकडे भाडेकरूने ‘विजेचे मूळ बिल दाखवा’ म्हटले, तर दुसऱ्या दिवशी खोली खाली करण्याचा निरोप येतो. आडनाव विचारून खोली नाकारणाऱ्या शहरांत दुसरी खोली सहज मिळत नाही, म्हणून तो विचारतच नाही.

दिवसाला १०० रुपयांचा हा दंड भाड्याच्या पटीत झाला पाहिजे आणि कलम २९ मधील ‘भाडेकरू’ या शब्दात परवानाधारकाचा समावेश झाला पाहिजे, ही मागणी विधिमंडळात मांडली जाण्यासारखी आहे. आपले जे कोणी तेथे बसले आहेत त्यांनी ती मांडावी. तोपर्यंत जे हातात आहे ते वापरा. पावती देणे कलम २६ प्रमाणे मालकावर बंधनकारक आहे. तो देत नसेल तर भाडे रोख देऊ नका, बँकेतून द्या, म्हणजे नोंद राहील. घराची आवश्यक दुरुस्ती मालक करीत नसेल, तर कलम १४ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पाणी किंवा वीज तोडली, तर त्याच दिवशी तारीख-वेळ लिहून ठेवा, शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, आणि मुंबईत लघुवाद न्यायालयात, इतरत्र दिवाणी न्यायाधीशाकडे कलम २९ खाली अर्ज करा. अंतरिम आदेश मागायला विसरू नका. पुष्कळ वकील अर्जात तो परिच्छेद घालत नाहीत, आणि मग पाण्यावाचून तारखा पडत राहतात.